फिफ्थ व्हील ट्रेलरला कुठला पिकअप लागेल? आधी दारावरचं पिवळं स्टिकर वाचा

माझा भाचा डॅलसजवळ राहतो, आयटीत आहे, आणि गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की दरवेळी हॉटेलं शोधत बसण्यापेक्षा चाकांवरचं घरच घेऊन टाकू. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात, आणि त्यातला जो मोठा, पुढचं नाक पिकअपच्या ट्रेमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, टेकवून उभा राहतो, तो फिफ्थ व्हील. आता यात मामाला फोन कशाला, तर मामा गेली २२ वर्षं न्हावा शेव्याच्या कंटेनरच्या धंद्यात आहे, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसला आमचं ऑफिस, आणि घोड्याच्या पाठीवरचं फिफ्थ व्हील (आमच्याकडे ट्रेलर अडकवायच्या चकतीलाच हे नाव), त्याचं ग्रीस, त्याचा लॉक हे आमच्या घरी जेवताना पण निघणारे विषय. (घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रक, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.) तिकडचा पिकअप वेगळा, ट्रेलर वेगळा, पण वजनाचा हिशोब तोच. आता भाच्याच्या ओळखीतले अजून दोघं विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

त्याचं पहिलं वाक्य होतं, "मामा, डीलर म्हणतो ही २५०० डिझेल १८,००० पाउंड ओढते, आणि ट्रेलर फुल भरून १६,०००चा आहे, म्हणजे २,००० शिल्लक, घेऊ ना?"

(२५०० हे तिकडच्या पिकअपच्या आकाराचं नाव, १५०० लहान, ३५०० मोठी; फोर्डमध्ये तेच एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५०.) मी म्हटलं अरे थांब. ओढते किती ते नंतर, पाठीवर झेलते किती ते सांग. तो गप्प. हा आकडा डीलर स्वतःहून सांगत नाही कारण तो छोटा असतो, जाहिरातीत शोभत नाही.

आपल्याकडे बैलगाडी ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरला की सगळा भार जुवावर म्हणजे बैलाच्या मानेवर. बैल गाडी ओढतो ते वेगळं आणि मानेवर जू दाबतं ते वेगळं. फिफ्थ व्हीलमध्ये ते जू म्हणजे किंगपिन, ट्रेलरच्या नाकाखालचा लोखंडी खुंटा, आणि त्या पिनमधून पिकअपच्या पाठीवर जे वजन येतं त्याला पिन वेट म्हणतात. साध्या ट्रेलरला, जो मागच्या बंपरखालच्या बॉलला लागतो, तिथे हे वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असतं. फिफ्थ व्हीलला धरून चाला २० ते २५ टक्के. म्हणजे १६,००० पाउंडाच्या ट्रेलरचे ३,२०० ते ४,००० पाउंड सरळ तुमच्या ट्रेमध्ये येऊन बसणार, आणि फॅमिली, सामान, कुत्रं, कूलर हे सगळं त्याच्या वर.

तर पहिलं काम. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर पांढरं-पिवळं स्टिकर असतं, टायरची हवा वगैरे लिहिलेलं, त्यावर एक ओळ असते की माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पाउंडाच्या वर जाता कामा नये. तो तुमचा पेलोड. हा आकडा त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. शोरूममध्ये शेजारी उभी असलेली तीच गाडी, पण तिला सनरूफ, लेदर सीट, फोर बाय फोर असेल तर तिचा पेलोड कमी, कारण ते सगळं वजन गाडीने आधीच खाल्लेलं असतं. डिझेल इंजिन पण पेट्रोलपेक्षा चांगलंच जड, ते पण पेलोडमधूनच जातं. म्हणून इंटरनेटवरचा "अप टू" वाला आकडा विसरा, ज्या गाडीचे पैसे देणार तिचंच स्टिकर वाचा. भाच्याला म्हटलं दार उघड आणि व्हिडिओ कॉल कर. केला त्याने, डीलरच्या यार्डात उभा राहून, वाऱ्यात नुसता खरखराट, आणि स्टिकरवर होतं २,१५० पाउंड. किलोत ९७५.

मला हसू आलं. आपला छोटा हत्ती, टाटा एस, जो क्रॉफर्ड मार्केटपासून भायखळ्यापर्यंत भाजी आणि फ्रिज वाहतो, तो साधारण पाऊण टन उचलतो. आणि ही एवढी राक्षसासारखी डिझेल गाडी त्याच्यापेक्षा फक्त सव्वादोनशे किलो जास्त. याला कारण आहे, बऱ्याच २५०० किंवा एफ-२५० डिझेलचं भरलेल्या गाडीचं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, कागदावर १०,००० पाउंडवर थांबवलेलं असतं कारण तिकडच्या वर्गवारीत तिथे रेघ आहे, आणि गाडी स्वतःच पावणेआठ-आठ हजारांची, मग उरणार काय. तिकडे अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी जी नावं चालतात ती पण जुन्या काळची, त्याचा आजच्या खऱ्या पेलोडशी काही संबंध राहिलेला नाही. आपल्याकडे बरं आहे, टाटाच्या ५५३० वर लिहिलेलंच असतं, ५५ टन आणि ३०० एचपी, नावच पासिंग, म्हणजे किती वजनाची परवानगी आहे ते, सांगतं.

दुसरं काम ट्रेलरची प्लेट. ब्रोशरमध्ये ड्राय वेट देतात, आणि लोक त्यावरच हिशोब करतात, ही सगळ्यात मोठी चूक. ड्राय म्हणजे कोरडा, रिकामा, ज्यात पाणी नाही, भांडी नाहीत, गाद्यांवर चादर पण नाही. तसा ट्रेलर फक्त फॅक्टरीतून डीलरकडे जाताना असतो. तुम्ही ६० गॅलन पाणी भरलं की तेच झालं ५०० पाउंड, म्हणजे २२७ लिटर, २२७ किलो. गॅसच्या दोन बाटल्या, एकेकीत ३० पाउंड, आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा जरा कमी, वर बाटलीचं लोखंड वेगळं. मग बॅटरी, खुर्च्या, बार्बेक्यू, मुलांच्या सायकली, आणि आपली मराठी बाई बरोबर असेल तर कुकर, पोळपाट, दहा किलो तांदूळ हे आलंच, त्याशिवाय ती गाडीत बसत नाही. म्हणून हिशोब नेहमी ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर करायचा, म्हणजे जास्तीत जास्त भरल्यावर किती. भाच्याचा ट्रेलर ड्राय १३,०००, ड्राय पिन २,४००, आणि जीव्हीडब्ल्यूआर १६,०००. डीलरने त्याला २,४०० दाखवलं होतं. अरे पण त्या ट्रेलरचं सामान ठेवायचं मोठं तळघर पुढच्या बाजूला आहे, नेमकं पिनच्या मागे, भरलं की पिन वेट वाढणारच.

आता कागदाच्या पाठीवर मांडायचं, अगदी वाण्याच्या यादीसारखं. १६,००० चे २२ टक्के, ३,५२०. ट्रेमध्ये बसवायचा हिच, ज्यात किंगपिन अडकते, तो पण लोखंडच, २०० धरा. भाचा, सून आणि दोन पोरं मिळून ४५०. जॅक, हत्यारं, कूलर १५०. बेरीज ४,३२०. स्टिकर २,१५०. म्हणजे दुप्पट. ट्रेलर १६,००० चा आणि गाडी १८,००० ओढते हे खरं असूनही गाडी दुप्पट ओव्हरलोड. अजून एक मेख, तिकडच्या टो रेटिंगच्या स्टँडर्डमध्ये, ज्याला जे२८०७ म्हणतात, गाडीत फक्त दोन माणसं धरलेली असतात, एकेक १५० पाउंडाची. म्हणजे ६८ किलोचे दोघं, आणि पोरं घरी आजीकडे.

तो म्हणाला, "मग मागे स्प्रिंगला हवेच्या एअरबॅग टाकतो, स्प्रिंगचे पाटे वाढवतो, एक जण म्हणाला चालतं." हे ऐकून मला वाटलं फोन कळंबोलीच्या ट्रकवाल्यांकडूनच आलाय. आपल्याकडे पण हेच, एक पाटा जास्तीचा टाकला की ड्रायव्हरला वाटतं गाडीचं पासिंग वाढलं. गाडी मागून दबायची थांबते एवढंच. एक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच, आणि दारावरचं स्टिकर काही बदलत नाही. वाकलेली दिसत नाही म्हणून उलट माणूस जास्त बिनधास्त चालवतो.

मग घ्यायचं काय? मोटामोटी माझं मत सांगतो. १५०० च्या सेगमेंटवाली गाडी, एफ-१५० वगैरे, हिला मोठा फिफ्थ व्हील लावायचाच नाही, कुणी कितीही व्हिडिओ दाखवू देत. २५०० ला हलके, १०,००० च्या आसपासचे बसतात, तेही स्टिकर बघून. १२-१४ हजारांचा असेल तर ३५०० किंवा एफ-३५०, मागे एकेक टायरवाली, तिचा पेलोड बऱ्याचदा ४,००० च्या आसपास मिळतो. आणि १५-१६ च्या वर गेलात की मागे डबल टायरवाली, जिला ते ड्युअली म्हणतात, तीच घ्यायची. बायकोला आवडत नाही, पार्किंगला बसत नाही, मॉलमध्ये लोक बघतात, सगळं मान्य. पण मग ट्रेलर छोटा घ्या. बरेच जण आधी गाडी घेतात आणि मग तिला शोभेल असा ट्रेलर बघतात आणि तिथे शोरूममध्ये तीन स्लाइडआउटवाला (बाजूने सरकून बाहेर येणाऱ्या खोल्या), फायरप्लेसवाला ट्रेलर दिसला की पाय घसरतो. ट्रेलर आधी ठरवा, गाडी त्याच्या मापाची.

पेलोड जमला तरी अजून एक बघायचं, मागचा एक्सल. पिन मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते, त्यामुळे ते वजन जवळजवळ सगळं मागच्याच एक्सलवर. आपल्याकडे तर सगळा कायदाच एक्सलवर चालतो, २०१८ च्या जुलैत सरकारने चार टायरच्या सिंगल एक्सलचं १०.२ चं ११.५ टन केलं तेव्हा टर्मिनसला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तिकडे दाराजवळच्याच दुसऱ्या लेबलवर पुढचा-मागचा एक्सल किती घेतो ते लिहिलेलं असतं. आणि टायर. टायरच्या बाजूला मापानंतर १२५/१२२ असं काहीतरी असतं, ते लोड इंडेक्स. १२५ म्हणजे एका टायरला १,६५० किलो, आणि १२२ म्हणजे तोच टायर जोडीत लावला तर १,५०० किलो. मागे दोनच टायर असतील तर ३,३०० किलोला खेळ खल्लास, चार असतील तर ६,०००. पण हे पूर्ण हवेवर. हवा कमी ठेवून आरामात चालवायचं आणि वर एवढं वजन, हे उन्हाळ्यात टेक्सासच्या रस्त्यावर करू नका, टायर तापतो आणि फाटतो, आमच्या खोपोलीच्या रस्त्याला याचे तुकडे पडलेले असतात बघा.

ट्रेची लांबी हा विषय लोक विसरतात. ८ फुटी ट्रे असेल तर चिंता नाही. साडेसहा फुटी असेल तर बारीक वळणात ट्रेलरचा कोपरा फिरून केबिनच्या मागच्या काचेवर येऊ शकतो, त्यासाठी सरकणारा हिच येतो, वळायच्या आधी मागे सरकवायचा. तो जड पण असतो, ते वजन परत पेलोडमध्ये धरा. हिचचं स्वतःचं रेटिंग ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरपेक्षा जास्त हवं. ट्रेलर जोडल्यावर लांबून बघा, नाक वर करून उभा नको, सरळ हवा, आणि ट्रेच्या कडेपासून ट्रेलरच्या पोटापर्यंत वीतभर तरी जागा राहू दे नाहीतर खड्ड्यात गाडी वाकडी झाली की पत्रा गेला.

इंजिनाबद्दल मी फार बोलत नाही, आजकालच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या डिझेलना ताकद भरपूर आहे. रॅम कंपनीच्या पिकअपमध्ये कमिन्सचं इंजिन असतं, तेच कमिन्स जे आपल्याकडे १९६२ पासून पुण्यात आहे, भाच्याला हे सांगितल्यावर त्याचं मत लगेच रॅमच्या बाजूला झुकलं, देशप्रेम कुठून येईल सांगता येत नाही. चढापेक्षा उतार महत्त्वाचा. खंडाळ्याचा घाट चढताना जास्तीत जास्त काय, गाडी हळू होईल. उतरताना ब्रेक तापले तर मग देवच. तेव्हा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी हळू करणारा) आहे का बघा, टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढतानाचं गिअरचं सेटिंग, चालू ठेवा, उताराच्या आधीच खालच्या गिअरमध्ये या आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, थोडा दाबा, सोडा. ट्रेलरचे ब्रेक आपल्यासारखे हवेचे नसतात, इलेक्ट्रिक असतात, डॅशबोर्डवर कंट्रोलर असतो. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाऊन फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून बघायचा, ट्रेलरने मागून गाडी खेचल्यासारखी वाटली पाहिजे पण चाकं लॉक होऊन घासता कामा नयेत, तिथे सेटिंग ठेवायचं. वजन बदललं की परत करायचं.

आता जोडायची पद्धत, आणि इथे जरा वेळ घेतो, कारण माझ्याच हातून घडलंय. मी नवीन होतो, उरणच्या बाजूला एका यार्डात, गेटची वेळ संपत आलेली, पाऊस, आणि मी ड्रायव्हरला ओरडतोय चल चल काढ. घोडा मागे घेतला, खट आवाज आला, क्लीनरने ट्रेलरचे पाय (सुटा ट्रेलर ज्यावर उभा राहतो ते पुढचे टेकू) वर केले, आणि घोडा निघाला तो एकटाच. ट्रेलरचं नाक खाली, हवेचे पाइप ताणून फटाफट तुटले, आणि त्या शांततेत फक्त हवेचा फुसफुसाट. किंगपिन जबड्यात गेलीच नव्हती, ट्रेलर जरा उंच होता म्हणून पिन जबड्याच्या वर चढून बसलेली. लागलं कुणाला नाही, पण त्या दिवसापासून मी वाकून बॅटरी मारून बघितल्याशिवाय कुणाला गाडी हलवू देत नाही.

तर क्रम असा. ट्रेलरच्या चाकांना आधी ओट, म्हणजे चाक अडवायचे ठोकळे, लावा. ट्रेचं फाळकं खाली. ट्रेलरची उंची अशी ठेवा की हिचची प्लेट पिनच्या वरच्या प्लेटला घासत, किंचित उचलत आत जाईल, मध्ये फट नको. हळू मागे, खट झालं तरी विश्वास नाही, उतरा, वाका, टॉर्च मारा, जबडा पिनच्या मागून बंद झालेला दिसला पाहिजे, हँडल पूर्ण आत, त्याला पिन किंवा कुलूप. मग वायर जोडा, आणि ती बारीक केबल, जी ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावते, ती हिचला अडकवू नका, गाडीच्या बॉडीला अडकवा, कारण हिचच उखडला तर केबल पण त्याच्याबरोबर जाईल. पाय जमिनीपासून थोडेच उचला, ट्रेलरचे ब्रेक दाबून धरा, गाडी पुढे जरा ओढून बघा, जोड सुटला नाही तर पाय पूर्ण वर, ओट काढा, फाळकं लावा. सोडताना मात्र फाळकं आधी खाली, मग गाडी पुढे. भाच्याने पहिल्याच ट्रिपला हे उलटं केलं, फाळकं बंद ठेवून गाडी पुढे घेतली, पत्र्याला असा छान किंगपिनच्या डब्याचा ठसा उमटलाय की विचारू नका, तो अजून सुनेच्या समोर तो विषय काढू देत नाही.

लायसन्स. टेक्सासमध्ये गाडी आणि ट्रेलर मिळून रेटिंग २६,००१ पाउंड किंवा वर आणि ट्रेलरचं रेटिंग १०,००० च्या वर असेल तर क्लास ए लायसन्स लागतं, घरगुती वापराचं, कमर्शियल नाही. कॅलिफोर्नियात १५,००० च्या वरच्या फिफ्थ व्हीलला तसलंच लागतं. प्रत्येक राज्याचं वेगळं, आणि इथे प्लेटवरचं रेटिंग बघतात, तुम्ही किती भरलंय ते नाही. भाच्याने शेवटी २५०० सोडून घेतलेली ड्युअली १४,००० ची, ट्रेलर १६,००० चा, झाले ३०,०००, मग बसला तो पण टेस्टला, इतकी वर्षं लायसन्स खिशात असून परत रिव्हर्स शिकला.

आणि शेवटी काटा. कागदावरचं कितीही बरोबर असलं तरी भरलेली गाडी एकदा काट्यावर चढवा. तिकडे हायवेच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणून असतात, पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल असे तिन्ही वेगवेगळे एकाच वेळी मोजून पावती देतात. आधी ट्रेलरसकट मोजायचं, मग ट्रेलर कुठेतरी उभा करून नुसती गाडी, तीच माणसं, तेच सामान, हिच तसाच ठेवून. गाडीच्या दोन वजनांतला फरक म्हणजे तुमचं खरं पिन वेट.

त्याने पाठवलेली पावती माझ्याकडे आहे. ट्रेलरसकट पुढे ५,०००, मागे ७,५००, ट्रेलरवर ११,९००. नुसती गाडी ९,०००. म्हणजे पिन ३,५००, ट्रेलर एकूण १५,४००, जवळपास २३ टक्के. गाडी १२,५००, चालतं १४,०००. मागचा एक्सल ९,७५० घेतो, त्यात पण बसतंय. मी म्हटलं ठीक आहे, जा. त्यावर त्याचा मेसेज, "मामा, तुमची सून म्हणते अजून एक फ्रीझर बसेल का?" मी लिहिलं, आधी पाण्याची टाकी रिकामी कर, मग परत काट्यावर चढव, आणि मग मला फोन कर.